ताळेबंद वाचताना
भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांत स्टीलची भांडी घडविणाऱ्या लघुउद्योजकांना पुष्कळ माल उधारीवर द्यावा लागतो. खरेदीदार कंपनी नफ्यात आहे, एवढे ऐकून विश्वास ठेवला जातो. परंतु नफा म्हणजे रोकड नव्हे. उधारीची विक्रीही पैसे हाती येण्यापूर्वीच नफ्यात धरली जाते. समजा, एखाद्या कंपनीने १० लाख रुपये नफा दाखविला. मात्र त्याच वर्षी तिची ग्राहकांकडील येणी २५ लाखांनी वाढली. इतर बाबी स्थिर असतील, तर व्यवसायातून उलट १५ लाखांची रोकड बाहेर गेली. मग पुरवठादाराचे पैसे ती देणार कोठून?

ताळेबंदात दोन वर्षांचे आकडे शेजारी शेजारी असतात; येणी व देणी त्यांवरून ताडून पाहावीत. २०२१ पासून कंपन्यांना व्यापारी देण्यांचा मुदतवार तक्ता द्यावा लागतो व त्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगांची देणी वेगळी दाखवावी लागतात. २००६ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे, करार काहीही असला तरी, माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांत देणे बंधनकारक आहे. तक्त्यात वर्षाहून जुनी देणी आढळल्यास उधारी देण्यापूर्वी विचार करावा. संचालकांच्या अहवालातील गोड भाषेपेक्षा हा तक्ता अधिक बोलका असतो. कंपनी निबंधकाकडे दाखल झालेली ही पत्रके शुल्क भरून कोणालाही पाहता येतात. भागीदारी पेढ्यांची पत्रके मात्र तेथे मिळत नाहीत.