विमानतळांचे जाळे

बालाघाटच्या पठारावर गुरे राखणाऱ्या मुलाला निरभ्र आकाशात कधी कधी एक पांढरी रेघ उमटताना दिसते. तिच्या टोकाशी असलेले विमान सुमारे दहा किलोमीटर उंचीवरून चाललेले असते. बीड जिल्ह्याचे डोंगर, नद्या आणि शेते थोड्याच मिनिटांत मागे टाकून ते दिसेनासे होते. येथे ते उतरत नाही, कारण नियमित प्रवासी विमाने उतरतील असा विमानतळ या जिल्ह्यात नाही. बीडच्या प्रवाशाला विमान गाठण्यासाठी छत्रपती संभाजीनगरजवळच्या चिकलठाण्याला किंवा त्याहूनही दूर जावे लागते.

मग विमाने गावोगाव का उतरत नाहीत?

भारतातील नियमित हवाई टपालाचे आरंभीचे दिवस पाहिले, म्हणजे उत्तराचा एक भाग कळतो. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन एक लहानसे विमान अहमदाबादमार्गे मुंबईस आणले व जुहूच्या मैदानावर उतरविले. तेथून ते टपाल नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाने मद्रासकडे नेले. जुहूचे ते मैदान म्हणजे समुद्रकाठची मातीची सपाटी! पावसाळ्यात तेथे चिखल होई आणि सारा कारभार पुण्यास हलवावा लागे. विमान आकाशात उडते खरे. पण त्याचे भवितव्य जमिनीवरच ठरते.

उत्तराचा दुसरा भाग नागपुरात सापडतो. जानेवारी 1949 मध्ये तेथे एक विलक्षण व्यवस्था सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि मद्रास या चार शहरांतून रोज रात्री टपालाने भरलेले एकेक विमान निघे. चारही विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत. दिव्यांच्या उजेडात थैल्यांची अदलाबदल होई. मुंबईची थैली कोलकात्याच्या विमानात, मद्रासची दिल्लीच्या विमानात! पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या शहरी परतलेले असे.

या योजनेतील हिशेब मनोरंजक आहे. चार शहरे एकमेकांस थेट जोडायची, तर सहा मार्ग लागतात. मध्ये नागपूर घेतले, की चारच पुरतात. दहा शहरांसाठी पंचेचाळीस मार्गांऐवजी दहा! चारांच्या हिशेबात बचत थोडी दिसते, दहांच्या हिशेबात ती डोळ्यांत भरते. अर्थात मध्यावर धुके पसरले, तर सर्वांचीच पत्रे अडकणार, हा या सोयीचा दोष. ही सेवा ऑक्टोबर 1973 पर्यंत चालली.

एकाच ठिकाणी फार भार पडला म्हणजे काय होते, ते मुंबईत दिसते. सांताक्रूझच्या विमानतळावर धावपट्ट्या दोन आहेत; पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्हींवरून एकाच वेळी विमाने सोडता येत नाहीत. शेवटी खाडीपलीकडे उलव्याची टेकडी कापून आणि नदीचा प्रवाह वळवून नवा विमानतळ बांधावा लागला. नवी मुंबईच्या या विमानतळाचे उद्‌घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झाले व त्याच वर्षाच्या डिसेंबरात तेथून प्रवासी वाहतूक सुरू झाली.

बीडची गोष्ट वेगळी आहे. बीड शहरात आगगाडीच मुळी 17 सप्टेंबर 2025 रोजी, अहिल्यानगरहून, सुरू झाली. तोवर येथील लोकांची भिस्त रस्त्यावरच होती. दिवाळीच्या सुमारास हजारो ऊसतोड कामगार आपला संसार घेऊन ट्रकने व ट्रॅक्टरने परमुलखी जातात. त्यांना विमानाचा उपयोग तो काय? शिवाय मोठ्या विमानासाठी दोन-अडीच किलोमीटर लांबीची सपाट धावपट्टी हवी, आणि सपाट जमीन म्हणजे बहुधा कोणाचे तरी शेत असते.

तरीही डोंगरउतारावरचे सीताफळ मात्र वाट पाहत नाही. बीडच्या सीताफळाचा लौकिक मोठा आहे; परंतु डोळे उघडलेले फळ तोडले, की दोन-तीन दिवसांत ते मऊ पडते आणि हाताच्या बोटांनीही दबते. म्हणून बागवान फळ थोडे कच्चे असतानाच उतरवितो, पेटीत पाल्याचा थर देतो आणि संध्याकाळी गाडी भरतो. रात्रभर गाडी घाट उतरत राहते. सकाळी बाजारात पेटी उघडेपर्यंत वरच्या थरातील किती फळे शाबूत राहतील, हे त्याला निघताना सांगता येत नाही.