तक्त्यापेक्षा शेंग हातात द्या

प्रश्न : मी मुंबईत चौथीच्या वर्गाला शिकवते. तक्त्यावरची झाडे मुलांना पाठ आहेत, पण रस्त्यावर एकही ओळखता येत नाही. शाळेला बाग नाही. मग झाडे शिकवायची तरी कशी?
– एक शिक्षिका

उत्तर : ताई, बाग नसली तरी चालेल. शाळेच्या रस्त्यावरची पाच झाडे वर्षभर पुरतात. मुलांची स्मरणशक्तीही कमी नाही. तक्त्यात झाडाचा स्पर्श, वास, आवाज नसतो, एवढेच.

खाली पडलेल्या शेंगा पिशवीत घाला आणि न बघता ओळखायला लावा. गुलमोहराची हातभर लांब, लाकडासारखी टणक. पीतमोहराची बोटाएवढी, चपटी. शिरीषाची कागदासारखी, हलवली की खुळखुळणारी. मग पातळ कागद खोडावर धरून मेणखडू आडवा घासायचा. सालीचा ठसा उमटतो. मुलांना हे फार आवडते.

एक गोष्ट मात्र आवर्जून दाखवा. गुलमोहराचे पान म्हणून मुले इवलीशी पर्णिका आणतात. देठाच्या बगलेत कळी असते, तिथून पुढचे सगळे मिळून एक पान! आवारातला उंच, निमुळता 'अशोक'ही खरा नव्हे, तो आसुपालव. सीतेचा अशोक वेगळा, केशरी फुलांचे झुपके येणारा.

कण्हेर आणि बिट्टी विषारी आहेत, त्या पिशवीत नकोत. चीक येणारी पाने तोडू देऊ नका. काहीही तोंडात घालायचे नाही, नंतर हात साबणाने धुवायचे, हे आधीच बजावा.