जुन्या खेळांचे नवे भाव

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माळ्यावरची रिकामी पोती खाली काढत असताना एका पत्र्याच्या ट्रंकेत मला जुना व्हिडिओ गेम सापडला. पांढऱ्याचे पिवळे पडलेले प्लॅस्टिकचे यंत्र, वायरी गुंडाळलेले दोन रिमोट, एक बंदूक आणि तीन कॅसेटी. पैकी एका कॅसेटीवर ‘९९९९ इन १’ असे छापलेले होते. हा ऐवज माझ्या धाकट्या चुलत्यांचा. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. २००१ सालच्या पावसाळ्यात लोकांच्या खाचरांत भाताची लावणी करून जमवलेल्या मजुरीतून त्यांनी तो पुण्याहून साडेसहाशे रुपयांना आणला होता. तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते. आजी सांगते, त्या दिवाळीत कोळवणातली निम्मी पोरे आमच्या ओसरीवर होती, आणि वीज गेली की सगळी एकदम ओरडत.

हे यंत्र मी वर्गातल्या एका मित्राला दाखवले तेव्हा तो म्हणाला, “अरे, जपून ठेव. असल्या जुन्या खेळांना आता लाखांनी भाव आहे.” त्याचे म्हणणे अर्धे खरे निघाले. कोणते अर्धे, हे शोधताना अर्थशास्त्राच्या तासाला नुसत्या उतरवून घेतलेल्या पुष्कळ गोष्टी मला प्रथमच उमगल्या. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम खरा भाग पाहू. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली ‘फॅमिली कॉम्प्युटर’ हे घरगुती खेळाचे यंत्र बाजारात आणले. पुढे तेच यंत्र वेगळ्या नावाने व वेगळ्या रूपात अमेरिकेत गेले आणि १९८५ साली ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ आला. मिशीवाल्या मारिओची ओळख करून द्यायला नको. या खेळाच्या कोट्यवधी प्रती खपल्या; म्हणजे तो दुर्मिळ मुळीच नाही. तरीही त्याची एक न उघडलेली, सीलबंद प्रत २०१९ साली अमेरिकेत एक लाख डॉलरना विकली गेली. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या एका सीलबंद प्रतीला लिलावात सहा लाख साठ हजार डॉलर आले. त्याच वर्षी जुलैमध्ये ‘सुपर मारिओ ६४’ या नंतरच्या खेळाची सीलबंद प्रत पंधरा लाख साठ हजार डॉलरना, म्हणजे त्या वेळच्या दराने साडेअकरा कोटी रुपयांहून अधिक किमतीला गेली. हा आकडा मी तीनदा ताडून पाहिला. आमच्या मुळशीत एवढे आकडे फक्त जमिनीच्या व्यवहारात ऐकू येतात.

भाव इतक्या वेगाने चढले की ते कोणी मुद्दाम चढवत असावे असा संशय तिकडे व्यक्त झाला, आणि २०२२ साली न्यायालयात दावाही दाखल झाला. २०२१ चे शिखर टिकले नाही. परंतु ही लिलावाची चैन बाजूला ठेवली तरी साधे, वापरलेले जुने खेळ गोळा करणाऱ्यालाही वीस वर्षांपूर्वीपेक्षा आज कितीतरी अधिक पैसे मोजावे लागतात. असे का व्हावे?

पुस्तकी उत्तर सोपे आहे. या वस्तूंचा पुरवठा संपूर्ण अलवचीक आहे. ‘फॅमिली कॉम्प्युटर’चे उत्पादन २००३ साली कायमचे थांबले. भाव कितीही चढला तरी आता नवे एकही यंत्र तयार होणार नाही. उलट पुरवठा दरवर्षी घटतोच. काही कॅसेटींच्या पोटात खेळ जिथे थांबला ती जागा लक्षात ठेवण्यासाठी बॅटरी असते, ती वीस-तीस वर्षांत संपते. प्लॅस्टिक पिवळे पडते, आणि घर आवरताना पुष्कळसे खेळ कचऱ्यात जातात. अमेरिकेत तर एका कंपनीनेच आपले खेळ कचऱ्यात घातले. ‘अटारी’ या प्रसिद्ध कंपनीने १९८३ साली न खपलेल्या व परत आलेल्या कॅसेटी ट्रक भरभरून न्यू मेक्सिको राज्यातील अलामोगोर्डो या गावाच्या कचरा डेपोत पुरल्या. २०१४ साली तिथे खणून सुमारे तेराशे कॅसेटी वर काढण्यात आल्या. चेपलेल्या, कुजक्या वासाच्या त्या कॅसेटींपैकी आठशेहून अधिक लिलावात विकून एक लाख डॉलरच्या वर रक्कम उभी राहिली. एक कॅसेट स्मिथसोनियन या संग्रहालयाने मागून घेतली. जो माल दुकानात कोणी फुकट घेईना, तोच तीस वर्षे मातीत राहून आल्यावर मौल्यवान ठरला!

आता मागणीची बाजू. जो मुलगा दहा-बारा वर्षांचा असताना एखादा खेळ खेळला, तो पस्तीस-चाळीस वर्षांचा झाला की त्याच्या हाती पगार येतो आणि मन मागे वळते. त्यामुळे खेळ बाजारात आल्यावर पंचवीस-तीस वर्षांनी त्याचे भाव चढू लागतात. पण मागणीची व्याख्या आपल्याला पहिल्याच वर्षी शिकवलेली आहे. नुसती इच्छा म्हणजे मागणी नव्हे. इच्छेला ऐपत आणि खर्च करण्याची तयारी यांची जोड लागते. अण्णांचे वय आज चाळिशीला टेकले आहे. ते पिरंगुटच्या एका कारखान्याचा माल टेम्पोतून वाहतात. त्यांची इच्छा कोणत्याही संग्राहकाहून कमी नाही, परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने ती मागणी नाही.

याहून मोठा प्रश्न मला पडला तो असा, की हे लोक नेमके कशाचे पैसे मोजतात? ॲडम स्मिथने १७७६ साली पाणी आणि हिरा यांचा दाखला देऊन वापरातले मूल्य व विनिमयातले मूल्य यांतला फरक सांगितला. पाण्यावाचून जीव जातो, पण ते स्वस्त. हिऱ्यावाचून काही अडत नाही, पण तो महाग. मारिओचा खेळ आज साध्या मोबाइलवर एक पैसाही न देता पोरे खेळतात (ते कायद्याला धरून नाही, हे खरे). म्हणजे खेळण्याचे मोल जवळजवळ शून्यावर आले, आणि भाव चढतो आहे तो कॅसेट, तिचा पुठ्ठ्याचा खोका, आतली माहितीपत्रिका आणि वरचे सील यांचा. त्यांना परीक्षेसारखे दहापैकी गुण देऊन पारदर्शक पेटीत कायमचे बंद करणाऱ्या संस्था तिकडे आहेत. पोरांनी खोका त्याच दिवशी फाडून टाकला म्हणून खोका दुर्मिळ, आणि कोणी न उघडलेला खेळ तर सर्वांत दुर्मिळ. थोडक्यात, जो खेळ कोणीही कधी खेळले नाही त्याला सर्वांत अधिक भाव. अण्णांच्या कॅसेटीवरची अक्षरे अंगठ्याने पुसली गेली आहेत. गुण द्यायचे झाले तर तिला बहुधा शून्य मिळेल.

इथे मित्राच्या म्हणण्याचा खोटा भाग सुरू होतो. १९९१ पूर्वी आपल्या देशात परदेशी मालाच्या आयातीवर कडक बंधने होती. अस्सल जपानी यंत्र पोहोचले ते बहुधा आखाती देशांत किंवा विलायतेत नातलग असलेल्या घरांत. बाकीच्यांच्या वाट्याला आल्या त्या नकला. तैवान-चीनमध्ये बनलेल्या मालाच्या धर्तीवर ‘मीडिया’, ‘समुराई’ अशा नावांची यंत्रे नव्वदीच्या दशकात इथे विकली गेली, आणि पुढे तर नाव नसलेलीही. आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीने मारिओ, कॉन्ट्रा, रणगाड्यांचा खेळ हे सगळे नकली यंत्रांवरच पाहिले. अण्णांचे यंत्र त्यातलेच एक.

मी ते घेऊन एका रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो. तिथला विक्रेता ते उलटसुलट करून म्हणाला, “चालू असलं तर दोनशे, बंद असलं तर वजनावर.” मित्राच्या ओळखीने मग मी एका संग्राहकाच्या घरी गेलो. गृहस्थ अण्णांच्याच वयाचे, मोठ्या पगाराचे आणि अतिशय सौजन्यशील. काचेच्या कपाटात ओळीने लावलेले खेळ त्यांनी मला दाखवले. बहुतेक जपान-अमेरिकेहून मागवलेले. त्यांचीही तक्रार भाववाढीचीच होती. मूळ किंमत वाढलीच, शिवाय टपालखर्च, सीमाशुल्क, आणि २००० साली सुमारे पंचेचाळीस रुपयांना असलेला डॉलर आज ऐंशीच्या पलीकडे. त्यांनी अण्णांची बंदूक हातात घेतली आणि हसले. “माझी पहिली अशीच होती. आईने भंगारवाल्याला देऊन टाकली.” मी विचारले, “मग सर, तशीच पुन्हा का नाही शोधत?” ते म्हणाले, “नकलेला पुढे गिऱ्हाईक नाही.”

परत येताना बसमध्ये मला केळकर संग्रहालयाची आठवण झाली. बाजीराव रस्त्याजवळचे हे संग्रहालय आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेच्या सहलीत पाहिले असेल. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने ते उभे केले. त्यात राजमुकुट थोडे. अडकित्ते, दिवे, दौती, फण्या, वाद्ये, दारांच्या चौकटी अशा घरगुती वस्तू अधिक. लोक ज्या वस्तू मोडीत घालत होते त्याच केळकर गावोगाव फिरून गोळा करीत. त्यांनी जर कोरा, एकही सुपारी न कातरलेला अडकित्ताच घ्यायचा असे ठरवले असते, तर आज त्या संग्रहालयात काय उरले असते? २०२३ साली अमेरिकेतील एका अभ्यासात असे आढळले, की तिथे प्रसिद्ध झालेल्या जुन्या खेळांपैकी शंभरातले सत्त्याऐंशी आज बाजारात विकतच मिळत नाहीत. चढत्या भावामुळे निदान अस्सल प्रती तरी कोणी फेकून देणार नाही, हा त्या भाववाढीचा उपकार मान्य केला पाहिजे. पण ‘९९९९ इन १’ च्या कॅसेटीला तेवढाही आधार नाही. मराठी मुलांनी प्रत्यक्ष जे खेळले ते ना काचेच्या कपाटात आहे, ना सरकारी संग्रहात.

असो. घरी आल्यावर मी आणि अण्णांनी यंत्र जोडून पाहिले. मारिओ धावला, पण बंदुकीने बदक पडेना. बंदूक बिघडली असे अण्णा कित्येक वर्षे समजत होते. ती बिघडलेली नव्हती. चाप ओढला की क्षणभर सगळा पडदा काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतला डोळा तो उजेड टिपतो. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीवर हे त्याच क्षणी घडते. नव्या सपाट टीव्हीवर चित्र किंचित उशिरा उमटते, आणि बंदूक आंधळी ठरते. म्हणजे जुना टीव्ही हवा. आमचा तर केव्हाच भंगारात गेलेला.

वाडीतल्या एका आजोबांच्या गोठ्यात तसा एक होता, त्यावर पेंडीचे पोते ठेवलेले. ते म्हणाले, “ने की उचलून, अडगळ जाईल.” पुढच्या रविवारी टेम्पो घेऊन गेलो तर त्यांनी विचारले, “कशाला पाहिजे रं?” मी मूर्खासारखा लिलावापासून सगळे सांगितले. आजोबा थोडा वेळ टीव्हीकडे बघत राहिले. “मग पाचशे दे.” मी पैसे आणायला घरी गेलो आणि संध्याकाळी परत आलो, तोवर त्यांच्या नातवाने मोबाइलवर काहीतरी पाहिले होते. भाव आठशे झाला.

अण्णांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, “आरं, मग आजच आणू. लावणीपत्तुर हजारावर जाईल.” त्यांनी सातशेवर तोडले आणि रात्री टीव्ही ओसरीवर आला. पहिले बदक पडले तेव्हा अण्णा ओरडले, आणि आजी आतून म्हणाली, “उरका लवकर, वीज जाईल.”