एक तृतीयांशाचा मोह

टेंभुर्णीसारख्या ऊसपट्ट्यातून भौतिकशास्त्राच्या संशोधनाकडे वळणाऱ्या मुलामुलींना अपूर्णांकी विद्युद्भाराच्या मोजमापाविषयी चार शब्द सांगावेत, ही इच्छा पुष्कळ दिवस मनात आहे. कारण या विषयात उत्तर आधीच ठाऊक असते, आणि ते हाती येताच फेरतपासाची निकड मावळते, हे मी प्रयोगशाळेत वारंवार पाहिले आहे.

त्सुई, स्टॉर्मर व गोसार्ड यांना अपूर्णांकी क्वांटम हॉल अवस्था १९८२ साली आढळली, आणि तिच्यातील कणांवर इलेक्ट्रॉनच्या एक तृतीयांश भार असल्याचे लाफलिन यांनी १९८३ साली प्रतिपादिले. परंतु प्रवाहातील चढउतारांवरून तो भार रुजू झाला १९९७ साली, इस्राएलच्या वाइझमन संस्थेत व फ्रान्समधील साक्ले येथे. तत्त्व आपल्याकडच्या माणसाला सहज उमगावे: गळीत हंगामात तेवढाच ऊस बैलगाड्यांनी आला काय किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांनी आला काय, दिवसाच्या वजनात फरक नाही, पण तासातासाच्या आकड्यांतील चढउतार ट्रॉल्यांच्या वेळी मोठा, आणि त्यावरून एका खेपेचा बोजा काटा न पाहताही काढता येतो. मात्र खेपा स्वतंत्रपणे आल्या पाहिजेत. बैलगाड्या जोडीने येऊ लागल्या, की दफ्तरात बोजा दुप्पट दिसतो.

कणही असे जोडीने येत असतील, ही नुसती शंका नव्हे. आज बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत असलेले अवीक बिद व त्यांचे वाइझमनमधील सहकारी यांनी दोन तृतीयांश अवस्थेत मोजलेला, २००९ साली प्रसिद्ध झालेला भार अतिशीत तापमानाला दोन तृतीयांश भरला आणि तापमान चढवताच एक तृतीयांशावर उतरला.

म्हणून तापमानाची खातरजमा आधी करावी. शीतकावरील तापमापी दहा मिलिकेल्विन दाखवीत असला, तरी खोलीतून खाली उतरणाऱ्या तारांवाटे येणारी रेडिओलहरींची ऊर्जा इलेक्ट्रॉनांना त्याहून उष्ण ठेवू शकते. एक तृतीयांशाच्या रेषेवर नेमके बसलेले बिंदू तारांचे फिल्टर बदलताच सरकलेले मी पाहिले आहेत. इलेक्ट्रॉनांचे तापमान, प्रवाह बंद ठेवून, नमुन्याच्याच औष्णिक चढउतारांवरून मुक्रर करावे, आणि अॅम्प्लिफायरची भर वजा केल्यावाचून कोणताही अंक हिशेबात धरू नये.

गेटच्या व्होल्टेजने नमुन्यात घडवलेल्या अरुंद खिंडीच्या अडसराबाबत मी अधिकच आग्रही आहे. समोरासमोरच्या दोन कडांदरम्यान प्रवाह किंचितच झिरपतो, तेव्हाच अपूर्णांकी कण मधल्या इलेक्ट्रॉनांच्या द्रवातून पलीकडे जातात. गेटचे ऋण व्होल्टेज वाढवून खिंड जवळजवळ मिटवली, की मध्ये तो द्रवच उरत नाही आणि अखंड इलेक्ट्रॉन उडी घेतो. एकाच व्होल्टेजवर काढलेल्या सुबक आलेखावर इतबार ठेवू नका. गेट आणि तापमान बदलून घेतलेली सारी मोजमापे, न जुळणारीसुद्धा, मार्गदर्शकांपुढे एकत्र मांडा.