पुढारी आणि पेपर

आपल्या कारंजा तालुक्यातल्या एखाद्या गावाची कल्पना करा. रस्त्यासाठी पैसे मंजूर झाले, पण रस्ता झालाच नाही. ही बातमी पेपरात आली. आता पुढाऱ्यापुढे दोन वाटा असतात. हिशेब दाखवायचा, नाही तर पेपरालाच खोटं पाडायचं. दुसरी वाट सोपी. सभेत गरजायचं, "हा माझा नाही, तुमचा अपमान आहे!" लोक चिडतात, टाळ्या पडतात. रस्ता राहिला बाजूला.

असा पुढारी म्हणतो, मी म्हणजेच जनता. मग त्याची चूक दाखवणारा जनतेचा वैरी ठरतो. अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी २०१७ साली काही मोठ्या वृत्तसंस्थांना 'जनतेचे शत्रू' म्हटले. पण इतक्या लांब कशाला जायचं?

बाळासाहेब ठाकरे हे मुळात पेपरातलेच माणूस. मुंबईच्या 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये ते व्यंगचित्रे काढीत. १९६० साली त्यांनी 'मार्मिक' साप्ताहिक काढले, १९६६ साली शिवसेना स्थापली आणि १९८८ साली 'सामना' हे दैनिक सुरू केले. मराठी तरुणाला मुंबईत नोकरी मिळत नाही, हे दुखणं खरं होतं. ते त्यांनी मांडलं म्हणून लोक त्यांच्यामागे गेले. छापलेल्या शब्दाची ताकद त्यांना कोणी शिकवायला नको होती.

नोव्हेंबर २००९ मध्ये सचिन तेंडुलकर म्हणाला, मराठी असल्याचा मला अभिमान आहे, पण मी आधी भारतीय. मुंबई साऱ्या भारताची. ठाकरे यांनी 'सामना'तून त्याला सुनावले, की तू क्रिकेट खेळ, राजकारणात पडू नकोस. इथवर ठीक. शब्दाला शब्द. त्यावर 'आयबीएन लोकमत' या वाहिनीने ठाकरे यांच्यावर टीका केली. २० नोव्हेंबरला शिवसैनिक तिच्या मुंबई व पुण्याच्या कचेऱ्यांत घुसले. तोडफोड झाली, माणसांना मारहाण झाली. हातात स्वतःचं दैनिक असताना दगड कशाला हवा होता?

हे एकाच पक्षाचं नाही बरं. जून २००८ मध्ये 'लोकसत्ता'चे संपादक कुमार केतकर यांच्या ठाण्यातील घरावर हल्ला झाला. हल्लेखोर दुसऱ्याच संघटनेचे होते. अरबी समुद्रात शिवाजी महाराजांचा पुतळा उभारण्याच्या बेतावर केतकरांनी अग्रलेख लिहिला होता. अग्रलेख म्हणजे पेपराचे स्वतःचे मत सांगणारा लेख. त्याचा रोख सरकारवर होता. ओरड मात्र झाली, महाराजांचा अपमान झाला!

आता पेपर म्हणजे काही गंगाजल नव्हे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत पैसे घेऊन बातम्या छापल्याचा बोभाटा झाला. भारतीय प्रेस परिषदेने या प्रकाराची चौकशी केली. म्हणूनच पुढाऱ्याने 'विकाऊ पेपर' म्हटलं की लोकांना पटतं. पण विकत घेणारा कोण होता? उमेदवारच की.

पत्रकारांवरील हल्ले रोखण्यासाठी आपल्या विधिमंडळाने २०१७ साली कायदा मंजूर केला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. शिवाय नुकसानीची भरपाई.

अभ्यास : पुढाऱ्याने आरोपाला उत्तर दिले आहे, अशी एक बातमी आजच्या पेपरात शोधा. रक्कम, तारीख, काम यांबद्दल तो जे बोलला त्याखाली रेघ मारा. पेपराबद्दल जे बोलला ते सोडून द्या. रेघ मारलेलं तेवढंच शेजाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवा.