एकोणसाठांचे एकोणनव्वद कसे झाले?

गेल्या वर्षीं आमच्या वर्गांतील मुलांनीं मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एकाच चिपेंत सामावलेला लहानसा संगणक, घेऊन एक घड्याळ तयार केलें. वेळ मोजण्यास डी.एस. 1307 ही निराळी चिप होती. घड्याळ चालू केलें तों सेकंद सात, आठ, नऊ असे आले आणि एकदम सोळा! पुढें एकोणसाठाच्या जागीं एकोणनव्वद दिसले. तारा जोडणाऱ्या मुलास आम्हीं सर्वांदेखत बोल लाविला. त्यानें मुकाट्यानें दोन दिवस खपून सर्व जोड पुन्हा केले. पण सोळा कांहीं हटेनात. चूक तारांत नव्हतीच. ती आज्ञावलींत होती, आणि आज्ञावली आम्हीं लिहिली होती.

विद्यार्थ्यांनो, आपल्या आजोबा-पणजोबांच्या वेळचा पनवेलचा बाजार आठवून पाहा. तुम्हीं तो पाहिला नसेल, पण घरीं ऐकला असेल. 1958 सालापासून क्रमाक्रमानें किलोग्रॅम आला. तत्पूर्वीं दुकानदार शेरानें तोली. शेराचे सोळा छटाक. वजनें छटाक, नवटाक, पावशेर व अच्छेर, म्हणजे एक, दोन, चार व आठ छटाकांचीं. नऊ छटाक हवे असल्यास अच्छेर आणि छटाक पारड्यांत टाकावे. संगणकाचें द्विमान गणित हेंच: प्रत्येक वजन पारड्यांत आहे किंवा नाहीं, एवढेंच तो जाणतो.

आतां ही चिप एकोणसाठ ही संख्या सबंध लिहीत नाहीं. पांच निराळा आणि नऊ निराळा, प्रत्येक अंक आपापल्या चार वजनांत मांडते. या पद्धतीस बी.सी.डी. म्हणतात. चार वजनांत पंधरापर्यंत मजल जाते, पण येथें नवावरच थांबावयाचें. सहा जागा फुकट जातात. तथापि अंक जसाच्या तसा दाखविण्यास ही सोय मोठी, म्हणून आम्ही तीस उधळपट्टी म्हणणार नाहीं.

आमच्या आज्ञावलीनें मात्र ते पांच दशक पांच शेर समजून घेतले! पांच शेर नऊ छटाक म्हणजे एकोणनव्वद छटाक. प्रत्येक दहास सोळा धरल्यामुळें दर दशकामागें सहा अधिक झाले. पांच दशकांचे तीस. एकोणनव्वदांतून तीस वजा करा, एकोणसाठ हातीं येतात. किंवा वरचा अंक वेगळा काढून दहानें गुणा व खालचा मिळवा; उत्तर तेंच. आम्हीं आज्ञावलींत ही एक ओळ घातली आणि नवानंतर दहा आले.

दुसरे दिवशीं भर वर्गांत आम्हीं त्या मुलाची क्षमा मागितली. तो लाजला, आणि म्हणाला, "सर, मग घड्याळ लावतांना उलट करावें लागेल ना?"

अगदीं बरोबर. सत्तेचाळीस मिनिटें चिपेस सांगावयाचीं तर सत्तेचाळिसांस दहानें भागावें. भागाकार चार वरच्या घरांत, बाकी सात खालच्या घरांत. 8051 या मायक्रोकंट्रोलरांत भागाकार व बाकी एकाच आज्ञेनें मिळतात. हें आम्हांस सुचण्यापूर्वीं त्यास सुचलें होतें.