स्वस्त इयरफोन : आवाजाची पारख कशी करावी?

मोबाइलच्या सुट्या सामानाच्या धंद्यात आपले तरुण मोठ्या संख्येने आहेत. मुंबईच्या मुसाफिरखाना, मनीष मार्केट भागातून घाऊक माल उचलायचा आणि मुंब्रा, भिवंडी, मालेगाव किंवा आपल्या तालुक्याच्या गावी लहानशा दुकानात विकायचा, हा अनेक घरांच्या रोजीचा मार्ग आहे. भांडवल थोडे लागते, माल हलका असतो आणि गिऱ्हाईक रोजचे असते. मात्र या सामानात एक वस्तू इतरांहून वेगळी आहे. कव्हर गिऱ्हाईक हातात घेऊन पाहते, चार्जर लावून पाहते. कानात घालायच्या इयरफोनचा गुण डोळ्यांना दिसत नाही आणि डबा तर बहुधा बंद असतो. तेव्हा गिऱ्हाईक सरळ विचारते, "भाई, यात चांगला आवाज कोणाचा?" आणि दुकानदार जे सांगेल त्यावर पैसे काढून देते.

या प्रश्नाला बहुतेक दुकानांत एकच उत्तर मिळते : जो महाग तो चांगला. हे उत्तर सोपे आहे, दुकानदाराच्या फायद्याचेही आहे. परंतु ते खरे नाही. २०१७ साली अमेरिकेच्या ध्वनिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात येरून ब्रेबार्ट या संशोधकाचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी २८३ हेडफोनांच्या मोजमापांची त्यांच्या किरकोळ किमतींशी तुलना केली. त्यात कानात घालायचे, कानावर टेकणारे आणि कान झाकणारे असे तिन्ही प्रकार होते. निष्कर्ष असा की, हेडफोन खालच्या, मधल्या व वरच्या सुरांना किती जोर देतो याचा आणि त्याच्या किमतीचा काही संबंध दिसून येत नाही. याचा अर्थ प्रत्येक स्वस्त माल उत्तम आहे असा नव्हे. तारेचा टिकाऊपणा, जोडणीची सफाई, डावा-उजवा नग सारखा निघणे, यांत पैशाचा फरक पडतो. परंतु पाचशे रुपयांचा एक नग पंधराशेच्या दुसऱ्या नगापेक्षा आवाजात सरस असू शकतो, आणि तो कोणता हे किंमत सांगत नाही. ते ऐकूनच ठरवावे लागते.

कान कसा ऐकतो?

ऐकून ठरवायचे तर काय ऐकायचे हे आधी कळले पाहिजे. आपल्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते; एक तोंड उघडे, दुसऱ्या टोकाला पडदा. बासरीत फुंकर घातली की ठराविक सूर घुमतो, तशी ही नळीही सुमारे तीन हजार हर्ट्झच्या आसपासचा आवाज आपोआप वाढवून पडद्यापर्यंत पोहोचवते. माणसाच्या बोलण्यातील स्पष्टपणा बऱ्याच अंशी याच भागात असतो. इयरफोन कानात घातला की नळीचे उघडे तोंड बंद होते आणि ही नैसर्गिक वाढ बिघडते. म्हणून चांगला कारखानदार आपल्या इयरफोनमध्ये त्या भागाला मुद्दाम उठाव देतो. हा उठाव कमी पडला तर बोलणारा गोधडीत तोंड घालून बोलतो असे वाटते. जास्त झाला तर आवाज टोचतो. हर्मन कंपनीतील शॉन ऑलिव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ पासून अनेक श्रोत्यांना निरनिराळे आवाज ऐकवून बहुतेकांना कोणता तोल आवडतो याचे प्रयोग प्रसिद्ध केले. आज चीनमधून येणारे कित्येक स्वस्त इयरफोन त्याच तोलाच्या आसपास बेतलेले असतात. महाग मालाशी त्यांची बरोबरी होऊ लागली ती यामुळे.

दुसरी गोष्ट रबराची. आमच्या मते स्वस्त मालात याहून महत्त्वाचे काही नाही आणि याहून दुर्लक्षितही काही नाही. इयरफोन आणि कान यांच्यामध्ये जराशी फट राहिली की खालचे सूर, म्हणजे लोक ज्याला बास म्हणतात ते, बाहेर निघून जातात. मागे राहतो तो पातळ, चिरका आवाज. गिऱ्हाईक म्हणते माल खराब. प्रत्यक्षात रबर लहान असते. डब्यात बहुधा लहान, मध्यम, मोठे असे तीन जोड दिलेले असतात आणि बहुतेक लोक कारखान्यात बसवलेला मध्यम जोडच जन्मभर वापरतात. पारख सोपी आहे. ढोलकी किंवा तबल्याचा डग्गा असलेले काही लावावे आणि बोटाने इयरफोन अगदी हलका आत दाबावा. दाबताच ठेका एकदम भरून आला तर एक माप मोठे रबर लावावे. दोन कानांना दोन मापे लागली तरी नवल मानू नये. पुष्कळांचे कान तसे असतात. याच कारणाने एकाच नगाबद्दल दोन गिऱ्हाइकांचे मत उलटसुलट पडते आणि दोघेही खरे बोलत असतात.

डब्यावरील आकडे

'२० ते २०,००० हर्ट्झ' हे शब्द साठ रुपयांच्या डब्यावर असतात आणि सहा हजारांच्याही. त्या दोन टोकांमध्ये आवाज किती वर-खाली होतो हे डबा सांगत नाही, म्हणून या आकड्याला तुलनेत काही किंमत नाही. आतला स्पीकर, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, दहा मिलिमीटरचा की चौदाचा, यावरूनही आवाज ठरत नाही. एका कानात एकाऐवजी दोन-तीन ड्रायव्हर असल्याची जाहिरात करतात. ते एकमेकांशी नीट जुळवलेले नसतील तर एकच बरा. 'एक्स्ट्रा बास' म्हणजे तर बहुधा खालच्या सुरांचा असा थर की मागचा माणूस काय बोलतो ते कळू नये. आकड्यांपैकी कामाचे दोन : १६ किंवा ३२ ओम एवढा रोध असेल तर साध्या मोबाइलवर नग नीट वाजतो, आणि संवेदनक्षमता जास्त असेल तर थोड्या व्हॉल्यूमवर मोठा वाजतो. मोठा वाजणे म्हणजे चांगला वाजणे नव्हे, हे पुढे येईलच.

बाजारातील तीन दर्जे

पहिला दर्जा लोकल मालाचा, पन्नास ते दीडशे रुपयांचा. याला आवाजाचा दर्जा असा नाहीच, कारण एकाच खोक्यातील दहा नग दहा प्रकारे वाजतात. फोनवर बोलण्यापुरता हवा, महिन्या-दोन महिन्यांत तुटला तरी चालेल, असे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला तो तसाच सांगून विकावा.

दुसरा दर्जा नावाजलेल्या कंपन्यांचा, साधारण चारशे ते आठशे रुपयांचा. बोटचा बासहेड्स १०० आणि जेबीएलचा सी१००एसआय हे यातील ओळखीचे नग. नग सारखे निघतात, माइक बरा असतो, वॉरंटी मिळते. आवाजात मात्र खालच्या सुरांवर भर असतो. बोटने तर तो नावातच सांगून टाकला आहे. सिनेसंगीत ऐकणाऱ्या तरुणाला हे आवडते. वाझ, बयान, बातम्या किंवा अभ्यासाची व्याख्याने तासन्‌तास ऐकणाऱ्याला याने थकवा येतो.

तिसरा दर्जा चिनी खास कंपन्यांचा, साधारण हजार ते दोन-अडीच हजारांचा. केझेड ही शेन्झेनची कंपनी, मूनड्रॉपचा २०२२ साली आलेला 'चू' व २०२३ चा 'चू २', सेव्हनहर्ट्झचा २०२२ मधील 'सॅलनोट्स झीरो' ही यातील प्रसिद्ध नावे. यांपैकी चू आणि झीरो यांच्यात दहा मिलिमीटरचा एकच ड्रायव्हर आहे आणि तरी माणसाचा आवाज इतका उघडा व सरळ येतो की दुप्पट-तिप्पट किमतीचा ब्लूटूथ माल त्यापुढे फिका वाटावा. केझेडच्या झेडएसएनसारख्या नगांत वरचे सूर जास्त चमकतात. कोणाला ते आवडते, कोणाला टोचते. या दर्जातील पुष्कळ नगांची तार सुटी होते, म्हणजे तार तुटली तर सगळा नग फेकावा लागत नाही. पहिल्या चूची तार मात्र जोडलेली होती. चू २ मध्ये ती सुटी केली आहे. या नगांची तार कानावरून मागे घ्यायची असते. गिऱ्हाइकाला हे घालून दाखवावे, नाहीतर ते सरळ लोंबकळत घालील, फट राहील आणि दुसऱ्या दिवशी परत घेऊन येईल. गावाकडच्या दुकानात हा माल अजून क्वचित दिसतो, आणि आमच्या मते लहान दुकानदाराला येथे जागा आहे.

तुलना कशी करावी?

दोन नगांची तुलना करताना पहिली अट म्हणजे दोघांचा आवाज सारखा मोठा ठेवणे. किंचित मोठा वाजणारा नग कानाला नेहमी सरस वाटतो. मोबाइलचा व्हॉल्यूम एकाच काट्यावर ठेवून दोन नग बदलले तर तुलना फसते, कारण संवेदनक्षमता निराळी असते. काही दुकानदार याचा गैरफायदा घेऊन विकायचा नग मुद्दाम मोठा वाजवतात. हे मापात मारण्यासारखेच आहे.

दुसरी अट, परीक्षेसाठी माणसाचा आवाज घ्यावा. वाद्यांच्या गर्दीत दोष लपतो. नात, बयान किंवा साधी बातमी ऐकावी. 'स' आणि 'श' यांची शिट्टी टोचते का, पुरुषाचा आवाज छातीतून येतो की डब्यातून, दोन शब्दांमधला श्वास ऐकू येतो का, हे पाहावे. किराअत ऐकणाऱ्या गिऱ्हाइकाला सीन आणि साद यांतील फरक स्वच्छ कळला पाहिजे; बास फुगवलेल्या नगात साद नंतरचा स्वर मातीत जातो. पाक कलाम माल तपासायला लावणे कोणाच्या मनाला पटत नसेल तर बयानाने तेच काम होते.

तिसरी, मोबाइलच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' असते ते चालू करावे. आता बोलणारा बरोबर डोक्याच्या मध्यभागी उभा वाटला पाहिजे. तो एका बाजूला सरकला तर डावा-उजवा नग अदलाबदल करून घालावा. आवाज दुसऱ्या बाजूला गेला तर दोष इयरफोनचा. त्याच बाजूला राहिला तर दोष कानाचा, बहुधा मळाचा.

पिनेचा घोळ

टाइप-सी पिनेचे इयरफोन दोन प्रकारचे असतात. एकात आवाज रूपांतर करणारी चकती, म्हणजे डॅक, पिनेतच असते. दुसऱ्यात नसते आणि ते काम फोनकडून अपेक्षित असते. डॅक नसलेला नग कित्येक फोनांवर, आयफोन १५ व पुढच्यांवरही, वाजतच नाही. दिसायला दोन्ही सारखेच. हे विचारून माल भरावा आणि गिऱ्हाइकाच्या फोनला लावूनच पैसे घ्यावेत. ब्लूटूथ नगांची गोष्ट वेगळी. त्यांत किमतीचा मोठा भाग बॅटरी व डबीवर जातो आणि बॅटरी संपली की नग संपला. डब्यावर भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक नसलेला ब्लूटूथ माल घेऊ नये.

ऐब आणि परतावा

धान्याच्या ढिगात हात घातल्यावर आत ओलावा आढळला आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्या व्यापाऱ्याला जाब विचारला, ही हदीस आपणा सर्वांना ठाऊक आहे. नावाजलेल्या कंपनीच्या डब्यात घातलेली 'फर्स्ट कॉपी' म्हणजे वरून कोरडा आणि आतून ओला ढीगच होय. गिऱ्हाइकाला कॉपी म्हणून सांगितले तरी दुसऱ्याच्या छापाचा प्रश्न उरतोच. १९९९ च्या ट्रेड मार्क्स कायद्यात असा माल विकणाऱ्याला कैदेची तरतूद आहे. छापे पडतात तेव्हा घाऊकवाला सापडत नाही, काउंटरवरचा मुलगा सापडतो.

'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी आपल्या दुकानांतून सर्रास दिसते. लपलेला दोष निघाल्यास सौदा मोडण्याचा हक्क, ज्याला फिकहमध्ये खियारुल ऐब म्हणतात, ही पाटी लावल्याने गिऱ्हाइकाकडून जात नाही. देशाचा कायदाही तेच सांगतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दोषी माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणे हीही तशीच. तेव्हा बिलावर मुदत लिहावी, आणि घाऊकवाल्याकडून तेवढीच मुदत लिहून घेतल्याशिवाय माल उचलू नये.

कानाच्या इजेविषयीही दोन शब्द सांगणे दुकानदाराचे काम आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत ठीक. ९० डेसिबलचा मात्र ४ तासच. लोकल गाडीत सैल रबराचा इयरफोन घातलेला मुलगा गाडीच्या खडखडाटावर मात करण्यासाठी व्हॉल्यूम चढवतो. रबर घट्ट बसले की बाहेरचा आवाज बराच अडतो आणि निम्म्या व्हॉल्यूमवर काम भागते. रस्ता ओलांडताना मात्र तेच रबर घात करते, हेही सांगावे.

ऐकवण्यासाठी प्रत्येक दर्जाचा एकेक नग उघडून काउंटरवर ठेवावा, त्याची रबरे वेगळी ठेवावीत आणि एकाच्या कानातून निघालेले रबर तसेच दुसऱ्याच्या कानात देऊ नये. वापरलेली रबरे साबणाच्या कोमट पाण्यात धुवून पूर्ण वाळवावीत. ओले रबर चढवले तर पाणी जाळीत उतरते आणि त्या बाजूचा आवाज बसतो.